उलटा गड: ग्रँड कॅन्यनमध्ये पहिल्यांदा उतरताना

सिंहगड असो की हरिश्चंद्रगड, गडाची आपल्याला एक सवय असते. सकाळी अंगात दम असताना चढायचं, वर पिठलं-भाकरी खाऊन ताक प्यायचं आणि दमलेल्या पायांनी खाली यायचं. मध्येच कुणाचा जीव घाबरा झाला तर मागे फिरायचं. मागे म्हणजे खाली, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही.

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा गड उलटा आहे. गाडी लावता तोच माथा. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी आधी उतरायचं, आणि चढ येतो तो दुपारी, ऊन डोक्यावर आणि पाणी तळाला गेलेलं असताना. मध्येच जीव घाबरा झाला तर मागे म्हणजे वर. इथल्या नॅशनल पार्कच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं की दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना या दरीतून सोडवून आणावं लागतं. आणि ते सगळे काही म्हातारे-कोतारे नसतात, बरेचसे चांगले धडधाकट तरुण असतात.

दर वर्षी आमच्याकडे अमेरिकेत भारतातून कुणी ना कुणी येतं आणि ‘ग्रँड कॅन्यन दाखव’ म्हणतं. त्यांना मी जे तोंडी सांगतो तेच इथे लिहून ठेवतो आहे. कड्यावरून फोटो काढून तासाभरात परत फिरणाऱ्यांना यातलं थोडंच लागेल. ज्यांना आत उतरायचंय त्यांनी मात्र सगळं वाचावं.

आधी कुठे जायचं ते नक्की करा

ही पायरी बावळटपणाची वाटेल, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लास व्हेगासला आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी काचेच्या पुलाचा फोटो दाखवतं. तो स्कायवॉक २००७ साली सुरू झाला आणि तो ज्या ग्रँड कॅन्यन वेस्टमध्ये आहे तो भाग नॅशनल पार्कमध्ये येत नाही. ती हुआलापाई या आदिवासी राष्ट्राची जमीन आहे, तिकीट वेगळं, व्यवस्था वेगळी. तिथून पार्कच्या साउथ रिमला यायला गाडीने चारेक तास लागतात. ‘एकाच दिवशी दोन्ही करू’ असं ठरवून आलेल्यांना दोन्ही ठिकाणी फक्त पार्किंगच दिसतं.

पार्कलाही दोन बाजू आहेत. साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा कडा, तो वर्षभर उघडा असतो. बसगाड्या, हॉटेलं, दुकानं, चांगल्या बांधलेल्या वाटा, सगळं तिथे आहे. नॉर्थ रिम त्याहून हजारभर फूट उंच, थंड, शांत आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद. २०२५ च्या जुलैमध्ये तिकडे मोठा वणवा लागला आणि तिथलं जुनं लॉज जळून गेलं. नवख्यांनी सरळ साउथ रिमच धरावा. दोन्ही कडे हवेतून मोजले तर दहा-बारा मैलांवर, पण रस्त्याने दोनशेहून जास्त मैलांचा वळसा पडतो. समोर दिसतंय म्हणून संध्याकाळी जाऊन येऊ, असं होत नाही.

साउथ रिमला फ्लॅगस्टाफहून दीड तास, फीनिक्सहून साडेतीन आणि व्हेगासहून साडेचार तास लागतात. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात व्हेगास आणि ॲरिझोनाची वेळ एकच असते, हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे जातो. पूर्वेकडे नावाहो या आदिवासी राष्ट्राच्या हद्दीत शिरलात तर तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे असतात. मोबाइल मध्येच वेळ बदलून दाखवतो आणि पहाटेची बस चुकते. बस कुठली ते पुढे सांगतो.

कधी जायचं

मार्च ते मे आणि सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. उतरायचं असेल तर माझं मत ऑक्टोबरला.

जून, जुलै, ऑगस्टमध्ये मुलांना सुट्ट्या असतात म्हणून निम्मं जग तेव्हाच येतं. कड्यावर तेव्हा हवा छान असते, जुलैतही दुपारी २९-३० अंश सेल्सिअस. त्या हवेला भुलून माणूस उतरायला लागतो. साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि खाली कोलोरॅडो नदी साडेसातशेच्या आसपास. म्हणजे उतरताना आपण महाबळेश्वरहून सुटून भर वैशाखात चंद्रपूरला पोचतो, तेही चालत. जुलैमध्ये नदीकाठचं सरासरी कमाल तापमान ४१ अंश असतं. हे सावलीतलं तापमान झालं, आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही.

उन्हाळ्यात तिथेही पावसाळी वारे येतात आणि त्यांना तिथली माणसं ‘मॉन्सून’च म्हणतात. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग जमतात, विजा पडतात, कोरड्या घळींमधून अचानक लोंढा येतो. आपल्याकडचा पाऊस दिवसभर पडतो, इथला अर्ध्या तासात सगळा हिशोब मिटवून जातो. ढग गडगडले की कड्याच्या टोकावरून आणि एकट्या झाडाखालून बाजूला व्हा. हिवाळ्यात कड्यावर बर्फ पडतो, आणि वाटेचा वरचा सावलीतला भाग काचेसारखा गुळगुळीत होतो. तेव्हा बुटांना बांधायचे काटे लागतात, ते तिथल्या दुकानात मिळतात. बर्फातला कॅन्यन फार देखणा दिसतो, पण पहिली खेप तेव्हाची नको.

तिकीट आणि मुक्काम

गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी वर्षात दोन-तीन पार्क करायचे असतील तर ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी मात्र नवी गोष्ट आहे: जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह अकरा मोठ्या पार्कांमध्ये अमेरिकेबाहेरून आलेल्या, १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा लागतात, आणि त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई-बाबा, सासू-सासरे असे चौघे गाडीत असतील तर गेटवर चेहरा पडू नये म्हणून हा हिशोब घरीच करा. निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर दर पुन्हा बघा. तुम्ही अमेरिकेतले रहिवासी असाल तर सरकारी ओळखपत्र खिशात ठेवा.

दिवसा उतरून वर यायला परवाना लागत नाही. खाली रात्र काढायची असेल तर लागतो.

मुक्काम पार्कच्या आतल्या ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये मिळाला तर उत्तम, पण तो महिनोन्महिने आधी भरतो. दारालगत टुसायान नावाचं छोटं गाव आहे, तिथे महाग पण जवळ. विल्यम्स आणि फ्लॅगस्टाफ स्वस्त पडतात, मात्र पहाटे उतरायचं असेल तर अंधारात गाडी हाकावी लागते. माझा आग्रह असा की ज्या दिवशी उतरायचंय त्याच्या आदली रात्र आत किंवा टुसायानला काढाच. इथे पहाटेचा एक तास दुपारच्या तीन तासांच्या तोडीचा असतो.

पहिला दिवस कड्यावरच

पोचल्या पोचल्या उतरू नका. एक तर कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि इथे गाडीतून उतरताच तुम्ही त्याहून साडेचारशे मीटर वर असता. जिना चढताना धाप लागते ती उगाच नाही. दुसरं म्हणजे, वरून एकदा नीट पाहून ठेवलं की खाली गेल्यावर आपण कुठे आहोत ते कळतं.

कड्याच्या अगदी टोकाशी जायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोकणकड्यावर आपल्यातला शहाणा माणूस पालथा पडून, सरपटत जाऊन खाली बघतो. इथे तेवढंही करू नका. कठडे मोजक्याच ठिकाणी आहेत, बाकी मोकळा कडा. सेल्फीसाठी मागे-मागे सरकणं तर नकोच.

याव्हापाई म्युझियमपासून गावाकडे, म्हणजे ग्रँड कॅन्यन व्हिलेजकडे, कड्याच्या कडेने एक डांबरी वाट जाते, ‘ट्रेल ऑफ टाइम’. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत पितळी खुणा बसवल्यात आणि ज्या खडकाचं जे वय त्या मीटरवर तो खडक ठेवलाय. हात लावून बघता येतो. मी पाहुण्यांना सहासष्टाव्या मीटरला थांबवतो. तिथे सह्याद्रीचा दगड ठेवलेला नाही, पण आपला काळा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे तो इथे बसला असता. आपल्या पायाखालचा कैबाब चुनखडक येतो २७० मीटरच्या आसपास. आणि अगदी तळाचा, नदीकाठचा काळपट खडक यायला सतराशे मीटरहून जास्त चालावं लागतं. त्या खडकाचं नाव ‘विष्णू शिस्ट’.

हो, विष्णूच. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला दरीतले सुळके देवळांच्या शिखरांसारखे दिसले आणि त्याने पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली. पुढे ती प्रथाच पडली. नकाशावर विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, मनू टेंपल आहेत, झालंच तर राम आणि कृष्णाच्या नावाचेही सुळके आहेत. आईला हे सांगितलं तेव्हा तिने कड्यावर उभं राहून हात जोडले. शेजारचे एक गोरे आजोबा ‘काय झालं?’ म्हणून विचारायला आले. त्यांना समजावून सांगण्यात आमची बस गेली.

बसेस फुकट आहेत आणि वारंवार सुटतात. पश्चिमेकडचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, तिथे लाल मार्गाची बसच घ्यावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हाच सगळ्यात चांगला कार्यक्रम: बसने एकेका पॉइंटला उतरायचं, बाकावर बसायचं, पुढची बस धरायची. दुपारनंतर गाडीने पूर्वेला पंचवीस मैलांवर डेझर्ट व्ह्यूला जा. तिथला दगडी वॉचटॉवर मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९३२ साली उभा केला, आत होपी या आदिवासी जमातीतले चित्रकार फ्रेड काबोटी यांची भित्तिचित्रं आहेत. आणि साउथ रिमवरून नदी जिथून चांगली दिसते त्या मोजक्या जागांपैकी ती एक.

कुठली वाट धरायची

नवख्यांसाठी दोनच: ब्राइट एंजल ट्रेल आणि साउथ कैबाब ट्रेल.

ब्राइट एंजल गावातूनच सुरू होते. ही वाट काही पार्कवाल्यांनी शोधून काढलेली नाही. खालच्या झऱ्याकाठी हावासुपाई जमातीचे आदिवासी लोक शेती करायचे, त्यांच्या ये-जा करण्याची ही वाट. पार्क १९१९ साली झालं आणि पुढच्या दशकात उरलेल्या हावासुपाईंना तिथून हुसकावण्यात आलं. त्या जागेला नंतर कित्येक वर्षं ‘इंडियन गार्डन’ म्हणत, २०२२ साली तिचं नाव हावासुपाई गार्डन्स झालं. जुन्या नकाशात जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका.

या वाटेवर पहिला विसावा दीड मैलावर आहे. दगडी निवारा, संडास आणि उन्हाळी मोसमात नळ. जाऊन-येऊन तीन मैल, ३४० मीटर उतार-चढ, दोन ते चार तास. दुसरा निवारा तीन मैलांवर, जाऊन-येऊन सहा मैल आणि ६४५ मीटर. म्हणजे आतकरवाडीहून सिंहगड चढण्याइतका, किंबहुना थोडा जास्तच, फक्त उलट्या क्रमाने. हावासुपाई गार्डन्स साडेचार मैलांवर. तिथे उंच कॉटनवुडची झाडं आणि वाहतं पाणी आहे, पण जाऊन-येऊन नऊ मैल आणि सव्वानऊशे मीटर चढ होतो. पहिल्याच खेपेला नको.

साउथ कैबाब डोंगराच्या सोंडेवरून उतरते. त्यामुळे नजारा दोन्ही बाजूंनी मोकळा, पण उतार जास्त तीव्र, सावली नाही आणि पाण्याचा थेंब नाही. पाऊण-एक मैलावर ‘ऊ-आ पॉइंट’ आहे. नाव विनोदी, पण पूर्वेकडून ऊन दरीत शिरताना तिथे उभं राहिलं की तोंडातून तेच निघतं. त्यापुढे, वाटेच्या तोंडापासून दीड मैलावर, सीडर रिज, लाल मातीचं छोटं पठार. तिथे संडास आहे, पाणी नाही. आपल्या सवयीचा विचार करून एक छोटी वेगळी बाटली आणि कागद जवळ असू द्या, एवढं सांगून पुढे जातो.

या वाटेच्या तोंडाशी स्वतःची गाडी नेता येत नाही. पहाटे हायकर्स एक्सप्रेस नावाची बस सुटते, ती धरायची. घड्याळाचा घोळ घालू नका म्हटलं ते यासाठी.

माझा सल्ला: पहिल्या खेपेला ब्राइट एंजलचा दीड मैल किंवा कैबाबचा सीडर रिज. हवा थंड असेल, नेहमी चालणारे असाल तर तीन मैलांचा निवारा. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा विचार मनातही आणू नका, विशेषतः मे ते सप्टेंबर. पार्कचे रेंजर हेच कानीकपाळी ओरडून सांगतात. उन्हाळ्यात तर दीड मैलाच्या पुढे जाऊच नये.

पाठपिशवी

पाणी दीड मैलासाठी माणशी दोन लिटर, त्यापुढे तीन-चार. ‘वाटेत नळ आहे ना’ असं म्हणू नका. साउथ रिमला मिळणारं पाणी दरीच्या पलीकडच्या बाजूच्या झऱ्यातून, सगळी दरी ओलांडून, १९६०च्या दशकात घातलेल्या नळातून येतं. तो नळ सारखा फुटतो. नवा टाकायचं काम चालू आहे आणि त्यासाठी वाटाही अधूनमधून बंद होतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा: कुठला नळ चालू, कुठली वाट उघडी.

खाण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं जन्मजात तयार आहोत. इथे गोड एनर्जी बार मिळतात, पण शरीराला हवं असतं मीठ. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, खारे दाणे, चिक्की, डब्याच्या कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. इलेक्ट्रलची चार पाकिटं, ती पाहुण्यांना भारतातूनच आणायला सांगा.

मीठ का, ते समजून घ्या. मुंबईत घाम येतो तो दिसतो, सदरा पाठीला चिकटतो. इथली हवा इतकी कोरडी की घाम त्वचेवर येतो न येतो तोच उडून जातो. आपल्याला वाटतं, घामच नाही. संध्याकाळी टोपीवर मिठाची पांढरी वर्तुळं दिसतात तेव्हा कळतं किती गेला ते. घाबरून नुसतं पाणीच ढोसत राहिलात आणि काही खाल्लं नाहीत, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बडबड, आणि पुढे जिवावर बेतू शकतं. तेव्हा दर घोटामागे घास हवा.

टोपी रुंद काठाची. सदरा उन्हाळ्यात सुती आणि लांब बाह्यांचा, कारण तो भिजवायचा असतो. हिवाळ्यात मात्र सुती नको, भिजला की गारठवतो. बूट वापरून रुळलेले. सह्याद्रीत घासलेले ॲक्शनचे बूट आणलेत तरी चालतील, फक्त अंगठ्याची नखं कापून या. उतारावर बोटं पुढे आपटतात आणि रात्री नखं काळी-निळी होतात. काठ्या असतील तर गुडघे दुवा देतील. विजेरी प्रत्येकाकडे एक, दुपारी परतणार असलात तरी. आणि मोबाइलवर विसंबू नका, कड्याखाली रेंज बहुतेक ठिकाणी नसते.

उतरताना

उजाडताना वाटेला लागा. पहिले दहा मिनिटं थंडी वाजेल, वाजू दे.

निघतानाच मागे फिरायची वेळ ठरवा. ‘तिथपर्यंत जाऊन येऊ’ असं जागेवरून ठरवू नका, घड्याळावरून ठरवा. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो असं धरा. सहाला निघालात आणि दहाच्या आत वर यायचंय, तर सव्वासातला जिथे असाल तिथून वळायचं. पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. पाण्याचाही तोच हिशोब: एक तृतीयांश संपलं की वळायचं.

दहा ते चार या वेळात चढावर असू नये, एवढा एक नियम पाळलात तरी बाकी चुका माफ होतात.

ब्राइट एंजलवर थोडं उतरलं की खडकात कोरलेला छोटा बोगदा लागतो. तो ओलांडल्यावर मागे वळून वर बघा, खडकावर लाल रंगातली जुनी चित्रं दिसतील. घाईत सगळे खालीच बघत जातात.

चढताना

आता आमचीच फजिती सांगतो. माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता. दर रविवारी सिंहगड, तोही पळत. मे महिना होता. साहेब उठले उशिरा, नाश्ता झाला निवांत, आम्ही वाटेला लागलो नऊला. मी म्हटलं दीड मैल. दीड मैल पाऊण तासात झाला. तो म्हणाला, “दादा, हे काय, अजून सुरुवातच नाही झाली.” तीन मैलांच्या निवाऱ्याला पोचलो तेव्हाही त्याची एक बाटली भरलेली. तहानच लागली नाही, म्हणाला.

वर वळलो अकराला. पहिली पंधरा मिनिटं तो पुढे आणि मी मागे. मग तो बोलेनासा झाला. मग प्रत्येक वळणावर हात गुडघ्यावर टेकून उभा. मी बघतो तर चेहरा लाल नाही, पांढराफटक. एका खडकाच्या वीतभर सावलीत त्याला बसवला, बूट काढायला लावले, पाय दगडावर वर ठेवले. टोपी भिजवून डोक्यावर, सदऱ्यावर पाणी ओतलं. पाणी वाया जातंय म्हणून तो कुरकुरला, पण त्या कोरड्या हवेत ओला सदरा म्हणजे माठ: उडणारं पाणी अंगाची उष्णता घेऊन जातं. इलेक्ट्रल घोट-घोट आणि मूठभर खारे दाणे. वीस मिनिटांनी तो म्हणाला, “पुरीबिरी आहे का?” तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वरून उतरणाऱ्या एका स्वयंसेविका बाईंनी थांबून चौकशी केली. किती पाणी आहे, काय खाल्लं, लघवी झाली का, शेवटचा प्रश्न अगदी सहज. अशी माणसं वाटेवर याचसाठी नेमलेली असतात. लाजू नका, खरं सांगा. आम्हाला वर पोचायला साडेतीन वाजले.

त्यातून शिकलेलं असं. वेग एवढाच ठेवा की चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल. धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त झाला, थांबून वाट पाहायची गरज नाही, फक्त हळू व्हा. दर तासाला दहा मिनिटं बसा आणि पाय वर घ्या, नुसतं उभं राहून दम खाऊ नका. जिथे नळ दिसेल तिथे टोपी आणि सदरा भिजवा, तहान असो नसो. ताप चढून कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावली, पाणी अंगावर, आणि कुणाला तरी मदतीला पिटाळा. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि ‘चल रे, थोडंच राहिलंय’ म्हणून ओढू तर अजिबात नका.

गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला. आपल्याकडे दमलेला मागे राहतो आणि त्याला सगळ्यात कमी विश्रांती मिळते, कारण तो पोचेपर्यंत बाकीचे उठतात.

खेचरं, खारी आणि कावळे

वाटेवर खेचरांचे तांडे येतात. खाली नदीकाठच्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागेला माणसं, सामान, टपालसुद्धा त्यांच्या पाठीवरून जातं. तांडा दिसला की डोंगराच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला उभे राहा. दरीच्या बाजूला नाही. हलू नका, फोटोसाठी पुढे येऊ नका, हाकणारा काय सांगतो ते ऐका. शेवटचं खेचर चांगलं पन्नासेक फूट पुढे जाईपर्यंत थांबा. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा इथला शिष्टाचार.

निवाऱ्याजवळच्या खारी गोंडस, गुबगुबीत आणि महाडांबरट. दाणा पुढे केलात की बोट चावतात. खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो. मोठे काळे डोमकावळे पिशवीची चेन उघडतात. खोटं वाटेल, पण आमची चिक्की तशीच गेली. आकाशात प्रचंड पंखांचा, पंखावर नंबर लावलेला पक्षी दिसला तर तो कॅलिफोर्निया काँडर. जवळजवळ नामशेष झालेला हा पक्षी १९९६ पासून या भागात पुन्हा सोडला जातोय.

खाली रात्र काढायची असेल तर

एक-दोन खेपा झाल्यावरच. तंबूसाठी बॅककंट्री परवाना, म्हणजे दरीत रात्र काढायचा परवाना, लागतो, त्यासाठी काही महिने आधी अर्ज करावा लागतो. फँटम रँच ही १९२२ सालची मेरी कोल्टर यांचीच रचना, तिथल्या खाटांसाठी पंधरा महिने आधी लॉटरी निघते. नेहमीचा क्रम असा: कैबाबने उतरायचं, कारण तो जवळचा, आणि ब्राइट एंजलने चढायचं, कारण त्यावर पाणी आहे.

वर आल्यावर

माथ्यावर पोचलात की लगेच गाडीत बसून व्हेगास गाठायचा बेत करू नका. पायात गोळे येतात, डोळे मिटतात. त्यात संध्याकाळी गाव आणि टुसायानच्या मधल्या रस्त्यावर एल्क येतात, आपल्या सांबरासारखे मोठे हरीण, आणि ते हेडलाइट बघून जागचे हलत नाहीत. चहा घ्या, मीठ-साखर पोटात जाऊ द्या, गरम पाण्याने पोटऱ्या शेका आणि ती रात्र तिथेच झोपा. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना उलटा, पाठीमागे तोंड करून उतरला.